सहा फोटो आणि दोन राजीनामे



आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, या बायांना झालंय तरी काय? अमेरिकेतला फुटबॉल, तोही सत्तर वर्षांपूर्वीचा, आणि तोही लहानसहान कॉलेजांचा! आपला त्याच्याशी काय संबंध? आम्हीही आधी असंच म्हटलं होतं. पण हा विषय आमच्याकडे एका बैठकीतून आला. मागे एका मोठ्या बैठकीत दुसऱ्या गावच्या गटाने तक्रार मांडली. तक्रार खरी होती, कागद जोडलेले होते. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बघू पुढच्या वेळी." आणि आम्ही? आम्ही हजेरीपटावर सह्या केल्या, चहा घेतला आणि जीपमध्ये बसून घरी आलो. वाटेत कुणीच बोलेना. शेवटी एक जण म्हणाली, "आपल्या गटाचं काय गेलं होतं? आपण कशाला बोलायचं?"

त्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. नंतर १९५१ सालच्या त्या फुटबॉलच्या हंगामाची हकीकत आमच्या वाचण्यात आली, आणि ती आमच्यातच ठेवावी असं वाटेना. म्हणून आज ती सांगतो.

आधी खेळ समजून घेऊ. आपली पोरं पायाने खेळतात तो फुटबॉल वेगळा. अमेरिकेतल्या फुटबॉलचा चेंडू गोल नसतो, दोन्ही टोकांना निमुळता असतो, लहानशा पपईसारखा. तो हातात घेऊन पळतात किंवा लांब फेकतात. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे सरकायचं. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे जातो. असं सरकत सरकत समोरच्यांची शेवटची रेषा गाठली की गुण. आपल्या कबड्डीत जशी चढाई करणाऱ्याची पकड करतात, तसं इथे चेंडू ज्याच्या हातात आहे त्याला धरून खाली पाडतात. अंगाला अंग भिडतं, हाडं खिळखिळी होतात, तरी त्या धडपडीला नियम आहेत. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला पकडून पाडायचं नाही आणि तोंडावर ठोसा तर कुणालाच मारायचा नाही. एवढा एक नियम ध्यानात ठेवा, बाकीचे विसरलात तरी चालेल.

दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं. युद्धावरून परत आलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा असा कायदा अमेरिकेत १९४४ सालीच झाला होता. त्यामुळे कॉलेजं माणसांनी भरून गेली. शनिवारी दुपारी कॉलेजचा फुटबॉल सामना म्हणजे तिथल्या गावांत जत्राच. ज्यांना मैदानावर जाता येत नसे ते रेडिओला कान लावून बसत. लांबच्या शहरातली मोठी टीम कुणी पाहिलेली नसे, आपल्या गावच्या कॉलेजची टीम मात्र सगळ्यांची असे.

ही कॉलेजं एकेकटी खेळत नसत. आसपासच्या राज्यांतली सहा-सात कॉलेजं मिळून एक संघ करायची, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रभागसंघच. सामने कुणी कुणाशी कधी खेळायचे, नियम कोणते, तंटा झाला तर निवाडा कोण करणार, हे सगळं कॉन्फरन्सकडे. अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात 'मिझुरी व्हॅली कॉन्फरन्स' नावाचा असा एक जुना संघ आहे, १९०७ साली स्थापन झालेला. आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहराचं ड्रेक विद्यापीठ त्यात होतं. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया शहराचं ब्रॅडली विद्यापीठ होतं. आणि ओक्लाहोमा राज्यातल्या स्टिलवॉटर गावचं शेतकी व यंत्रविद्येचं सरकारी कॉलेज होतं, 'ओक्लाहोमा ए अँड एम'. ही तीन नावं लक्षात ठेवा. ड्रेक, ब्रॅडली आणि ओक्लाहोमा.

आता त्या काळातला ओक्लाहोमा कसा होता ते थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. या राज्याच्या घटनेतच लिहिलं होतं की गोऱ्या मुलांच्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या असतील. एका वर्गात दोघांना शिकवणं हा कायद्याने गुन्हा होता. शिकवणाऱ्याला शिक्षा, शिकणाऱ्यालाही शिक्षा. एडा लोइस सिप्युएल नावाच्या एका कृष्णवर्णीय तरुणीने १९४६ साली ओक्लाहोमाच्या राज्य विद्यापीठात वकिलीच्या शिक्षणासाठी अर्ज केला. रंगामुळे तो नाकारला गेला. ती देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९४८ साली जिंकली. तर राज्याने काय करावं? तिच्या एकटीसाठी घाईघाईने वेगळं वकिली कॉलेज उभं केलं! ती त्यात गेली नाही. शेवटी १९४९ साली तिला प्रवेश मिळाला, पण वर्गात सगळ्यांच्या मागे, वेगळी पाटी लावलेल्या खुर्चीवर. जेवायची जागाही वेगळी, साखळी लावून आखलेली. त्याच वर्षी स्टिलवॉटरच्या शेतकी कॉलेजात नॅन्सी रँडॉल्फ डेव्हिस या शिक्षिकेने गृहविज्ञान शिकायला नाव घातलं. त्या कॉलेजातली ती पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. तिलाही सुरुवातीला वर्गाबाहेर बसवलं. परीक्षेत तिचे गुण वरचे आले, तेव्हा वर्गातल्या मुलींनीच म्हटलं, हिला आत घ्या.

हे ऐकताना तुम्हाला साताऱ्याची शाळा आठवली असेल, आम्हालाही आठवली. घरून नेलेल्या गोणपाटावर एका कोपऱ्यात बसलेले लहानगे भीमराव. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. त्यांनाही हे साम्य दिसत होतंच. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विद्वान ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली आहे असं समजलं, त्या अर्जाच्या प्रती मला पाठवाल का, अशी मागणी त्यात होती. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं.

तर असा तो काळ. फुटबॉलमध्ये उत्तरेकडच्या कॉलेजांत एखाद-दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू असे, दक्षिणेकडे एकही नसे. उत्तरेची टीम दक्षिणेत खेळायला निघाली की पुष्कळदा एक न लिहिलेला समझोता पाळला जाई. आपला कृष्णवर्णीय खेळाडू घरीच ठेवायचा, म्हणजे यजमानांना अवघडल्यासारखं होणार नाही. यजमानांचं अवघडलेपण जपायचं, घरी बसलेल्या पोराचं मात्र काही नाही. आणि या समझोत्याला सभ्य लोकांचा समझोता म्हणत, हे आणखी विशेष.

जॉनी ब्राइट हा ड्रेकचा खेळाडू. जन्म १९३० चा, इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावचा. रंगाने कृष्णवर्णीय. पळण्यात तरबेज, बास्केटबॉलमध्ये तरबेज आणि फुटबॉलमध्ये तर विचारू नका. चेंडू घेऊन पळायचाही आणि लांब फेकायचाही. एका माणसात दोन माणसं. १९४९ साली त्याने पळून आणि फेकून मिळून १,९५० यार्डांची मजल मारली. त्या वर्षी देशभरात एवढं कुणीच केलं नव्हतं. पुढच्या वर्षी २,४०० यार्ड. लहान कॉलेजाचा मुलगा, पण मोठमोठ्या विद्यापीठांच्या तोंडी त्याचं नाव. कॉलेज-फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान म्हणजे हाइझमन पारितोषिक. १९५१ च्या हंगामात ते त्याला मिळेल अशी चर्चा चालू होती. ड्रेकने पाच सामने खेळले होते आणि पाचही जिंकले होते. सहावा सामना स्टिलवॉटरला.

तारीख २० ऑक्टोबर १९५१, शनिवार.

ब्राइटवर त्यांचा डोळा आहे, तो सामना पुरा करू शकणार नाही, अशी कुजबुज आधीपासून गावात होती, वर्तमानपत्रांतूनही ती आली होती. डे मॉइनच्या 'रजिस्टर' या वर्तमानपत्राचे दोन छायाचित्रकार, जॉन रॉबिन्सन आणि डॉन अल्टँग, सामन्याला आले होते. त्यांच्याही कानावर हे होतं. त्यांनी कॅमेरे ब्राइटवर रोखून ठेवले. पण त्यांच्यापाशी वेळ थोडा होता. दुसऱ्या दिवशीच्या रविवारच्या अंकात फोटो यायचे, तर फिल्म घेऊन डे मॉइनला वेळेत पोचायला हवं. म्हणून सामन्याचा पहिला चौथा भाग संपला की निघायचं, असं त्यांचं ठरलं होतं. जे व्हायचं ते त्या आत झालं नसतं, तर आज आम्ही हे तुम्हाला सांगत नसतो.

पहिल्या सात मिनिटांत ब्राइट तीनदा बेशुद्ध होऊन पडला. तिन्ही वेळा मारणारा एकच, समोरच्या टीमचा विल्बँक्स स्मिथ. शेवटच्या वेळचा प्रकार फोटोंत स्वच्छ दिसतो. ब्राइटने चेंडू आपल्या साथीदाराच्या हातात दिलेला आहे. साथीदार चेंडू घेऊन निघून गेला आहे. सगळ्यांची नजर तिकडे, खेळ तिकडे. ब्राइट मागे मोकळ्या हातांनी उभा राहून तो पळतो कसा ते बघतो आहे. आणि स्मिथ चेंडूकडे न जाता सरळ ब्राइटकडे येतो आणि कोपर व मूठ त्याच्या जबड्यावर हाणतो. त्या काळी शिरस्त्राणाला तोंडापुढची जाळी सगळे लावत नसत. ब्राइटच्या तोंडापुढे काहीच नव्हतं. जबडा मोडला.

पंचांनी दंड दिला नाही.

ब्राइट उठला. मोडलेल्या जबड्याने तो पुन्हा उभा राहिला आणि थोड्याच वेळात त्याने ६१ यार्डांवर चेंडू फेकून आपल्या टीमला गुण मिळवून दिला. साठ-पासष्ट पावलांवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात नेमका चेंडू टाकायचा, तोही अशा अवस्थेत. मग मात्र त्याला मैदान सोडावं लागलं. ड्रेक तो सामना २७-१४ असा हरलं. कॉलेजात आल्यापासून कुठल्याही सामन्यात शंभर यार्डांच्या खाली न आलेला ब्राइट त्या दिवशी पंचाहत्तरवर थांबला.

रविवारी सकाळी डे मॉइनच्या घराघरांत वर्तमानपत्र आलं आणि त्यात एकामागून एक सहा फोटो. चेंडू कुठे आहे, ब्राइट कुठे आहे, स्मिथ कुठे आहे, सगळं समोर. हे फोटो पुढे 'लाइफ' या तेव्हाच्या फार खपाच्या साप्ताहिकातही छापून आले. अख्ख्या देशाने पाहिले. दोन्ही छायाचित्रकारांना १९५२ सालचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. वर्तमानपत्रांच्या कामातला तो अमेरिकेतला सगळ्यात मोठा मान.

आता आपल्याला वाटेल की एवढा पुरावा समोर आल्यावर काम झालंच. आपणही बैठकीत हेच सांगतो ना, की बाई, कागद जपून ठेव, पावती ठेव, फोटो काढून ठेव, मग कोण नाकारतंय बघू. मैत्रिणींनो, नाकारलं. ओक्लाहोमाच्या कॉलेजने काही वावगं घडल्याचं मान्य केलं नाही. खेळाडूला शिक्षा केली नाही. रंगामुळे आपण मारलं नाही, असं स्मिथ पुढे अनेक वर्षं सांगत राहिला. त्याच्या मनात काय होतं ते त्याचं तो जाणे. पण चेंडू नसलेल्या माणसाच्या तोंडावर मारलं, हे तर फोटोत होतंच. ड्रेकने कॉन्फरन्सकडे दाद मागितली, की चौकशी करा आणि काही कारवाई करा. कॉन्फरन्सने काहीही केलं नाही.

यावर आमच्यात खूप बोलणं झालं. कॉन्फरन्सने ड्रेकला 'तुम्ही खोटं बोलता' असं म्हटलं का? नाही. फोटो बनावट आहेत म्हटलं का? तेही नाही. नुसतं काही केलं नाही. आपल्याकडे ज्याला 'बघू' म्हणतात तेच हे. 'नाही' म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं, 'बघू' म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं?

ड्रेकने मग हंगाम संपता संपता कॉन्फरन्स सोडली. आमचा खेळाडू मारला गेला, तुम्ही ऐकून घेतलं नाहीत, आता आम्ही तुमच्यात नाही. हे समजण्यासारखं आहे. स्वतःचं पोर मार खाऊन आल्यावर कुणीही उठेल.

पण ब्रॅडली? ब्रॅडलीचा तर कुणी मार खाल्ला नव्हता. त्या दिवशी त्यांची टीम स्टिलवॉटरला नव्हतीच. ड्रेकशी त्यांची मैदानावर चुरस असायची, ड्रेक कमजोर झालं तर त्यांचा फायदाच. गप्प बसायला याहून चांगली सोय नाही. तरी ब्रॅडलीने ड्रेकच्या पाठोपाठ कॉन्फरन्स सोडली, ड्रेकच्या बाजूने उभं राहण्यासाठी.

हे सोडणं फुकटचं नव्हतं, ते समजून घ्या. कॉन्फरन्स सोडली की बांधलेले सामने गेले. पुढच्या वर्षी कुणाशी खेळायचं ते दारोदार जाऊन ठरवायचं. सामने नाहीत तर तिकिटं नाहीत, तिकिटं नाहीत तर पैसा नाही. दोन्ही कॉलेजं खाजगी आणि लहान, खेळाच्या खर्चाला त्या तिकिटांचा आधार. आपल्याकडे एखाद्या गटाने प्रभागसंघ सोडला तर काय काय हातातून जातं याचा हिशोब मनात करून बघा, म्हणजे कळेल. संघात राहिलेल्या बाकीच्या कॉलेजांनीही असाच हिशोब केला असणार. त्यांना फार दोष द्यायला आमची जीभ वळत नाही. आम्हीही त्या दिवशी जीपमध्ये बसून आलोच होतो.

आणि एक सांगायलाच हवं, नाहीतर गोष्ट उगाच गोड होईल. ब्रॅडली १९५५ साली आणि ड्रेक १९५६ साली त्याच कॉन्फरन्समध्ये परत गेले. तोवर कुणी माफी मागितली नव्हती, कुणी चूक मान्य केली नव्हती. मात्र दोघेही परत गेले ते बाकीच्या खेळांपुरते, फुटबॉल बाहेरच ठेवला. ड्रेकचा फुटबॉल त्या कॉन्फरन्समध्ये परतला १९७१ साली, म्हणजे वीस वर्षांनी. ब्रॅडलीचा तर परतलाच नाही. त्यांनी पुढे फुटबॉलच बंद केला. आमच्यातल्या काहींना हे परत जाणं खटकलं, काही जणी म्हणाल्या की संसार करायचा तर एवढं नमतं घ्यावंच लागतं. यावर आमचं एकमत झालं नाही. ज्या कॉलेजसाठी कॉन्फरन्सने तोंड मिटून घेतलं, ते ओक्लाहोमाचं कॉलेज मात्र काही वर्षांनी ती सोडून अधिक मोठ्या संघात गेलं. घ्या!

फोटोंचा काही उपयोग झाला नाही असं मात्र नाही. त्या गदारोळानंतर कॉलेजांच्या खेळांच्या राष्ट्रीय मंडळाने अडवण्याचे आणि मारामारीचे नियम कडक केले आणि तोंडाचं रक्षण करणारी शिरस्त्राणं वापरात आणायला लावली. म्हणजे ब्राइटला न्याय मिळाला नाही, पण त्याच्यामागून खेळायला आलेल्या हजारो पोरांचे, गोऱ्यांचेही आणि कृष्णवर्णीयांचेही, जबडे वाचले.

त्याच १९५१ च्या हंगामातली आणखी एक गोष्ट सांगतो, थोडक्यात. पार पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाची टीम. हेही लहान कॉलेज. त्या वर्षी ते नऊ सामने खेळले आणि नऊच्या नऊ जिंकले. हंगामाच्या शेवटी दक्षिणेत मोठे मानाचे सामने होतात, त्यांना बोलावणं आलं की कॉलेजला भरपूर पैसाही मिळतो. या विद्यापीठाला पैशाची फार नड होती, पैशाअभावी टीम बंद पडायच्या बेतात होती. त्यांना सुचवण्यात आलं, की तुमचे दोन कृष्णवर्णीय खेळाडू, ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर, यांना घरी ठेवून आलात तर बोलावणं मिळेल. टीमने नाही म्हटलं. मतदान घ्यायचीही गरज पडली नाही असं ती पोरं म्हातारी झाल्यावर सांगत. बोलावणं आलं नाही आणि त्या हंगामानंतर टीम खरोखरच बंद झाली. दोन पोरांसाठी सगळ्यांनी घर मोडू दिलं. यातला मॅटसन पुढल्या वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये धावला आणि एक रौप्य, एक कांस्य घेऊन आला. हेलसिंकी म्हटल्यावर आपल्याला दुसरंच नाव आठवतं, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. त्यांचं कुस्तीतलं कांस्यपदक त्याच ऑलिंपिकमधलं. दोघांची तिथे भेट झाली असेल-नसेल, पण एकाच गावात, एकाच उन्हाळ्यात होते दोघं. आणि टोलर? तो मोठ्या व्यावसायिक फुटबॉलमधला पहिला कृष्णवर्णीय पंच झाला, १९६५ साली. नियम मोडला तर शिट्टी वाजवायचं काम त्याच्या हाती आलं.

परत ब्राइटकडे येऊ. जबडा बरा होईपर्यंत हंगामाच्या शेवटच्या सामन्यांतला बराचसा खेळ हुकला. हाइझमन पारितोषिकाच्या मतमोजणीत तो पाचवा आला. त्याने १९५२ साली शिक्षणशास्त्राची पदवी घेतली. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक टीमने आपली पहिली निवड म्हणून त्याचं नाव घेतलं. गेला असता तर त्या टीमचा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला असता. तो गेला नाही. त्या टीमांमध्ये दक्षिणेकडचे पुष्कळ खेळाडू येत होते, आपल्याला तिथे कसं वागवतील याचा भरवसा वाटेना, असं त्याने नंतर सांगितलं. एकदा मार खाल्लेला माणूस वाट बदलतो, त्याला भित्रा म्हणणाऱ्याने आधी आपला जबडा चाचपून बघावा.

ब्राइट सीमा ओलांडून कॅनडात गेला. आधी कॅल्गरी, मग एडमंटन. तिथे तो तेरा हंगाम खेळला, १०,९०९ यार्ड धावला, १९५४, १९५५ आणि १९५६ असं लागोपाठ तीन वर्षं त्याच्या टीमने कॅनडाचा मानाचा ग्रे करंडक जिंकला. १९५९ साली तो तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा मान मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय. पण आम्हाला त्याच्या आयुष्यातला दुसरा भाग जास्त आवडला. खेळता खेळताच तो एडमंटनमध्ये शाळामास्तर झाला. खेळ संपल्यावर मुख्याध्यापक झाला. १९६२ साली त्याने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं आणि तिथेच राहिला. १४ डिसेंबर १९८३ रोजी, फुटबॉलमध्येच दुखावलेल्या जुन्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयविकाराने गेला. वय ५३.

माफी आली ती २००५ साली. त्या शेतकी कॉलेजचं नाव आता ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठ झालं होतं. त्याच्या अध्यक्षांनी २८ सप्टेंबर २००५ रोजी ड्रेकच्या अध्यक्षांना पत्र लिहून झाल्या प्रकाराबद्दल रीतसर माफी मागितली. मारल्यापासून ५४ वर्षांनी, ब्राइट गेल्यापासून जवळजवळ २२ वर्षांनी. त्या दिवशीच्या सामन्याला असलेले बहुतेक लोक म्हातारे झालेले किंवा गेलेले. ती माफी लिहिताना कॉलेजने नवीन चौकशी केली होती का? नवीन पुरावा सापडला होता का? काही नाही. तेच सहा फोटो होते, जे १९५१ च्या रविवारी सकाळी सगळ्यांनी पाहिले होते.

आमच्यातल्या एकीने विचारलं, अशा माफीला काय करायचं? मेलेल्या माणसाच्या हातात कागद? दुसरी म्हणाली, त्याच्या नातवंडांना तरी कळलं ना, की आपला आजा खोटं बोलत नव्हता. दोघींचंही म्हणणं आम्ही इथे जसंच्या तसं सांगतो आहोत.

एडा लोइस सिप्युएल, जिला मागच्या खुर्चीवर बसवलं होतं, तिचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. ती वकील झाली, मग प्राध्यापिका झाली. १९९२ साली ओक्लाहोमा विद्यापीठाच्या नियामक मंडळावर तिची नेमणूक झाली. ज्या मंडळावर तिने खटला भरला होता, त्याच मंडळावर. आणि स्टिलवॉटरच्या कॉलेजात नॅन्सी डेव्हिस यांच्या नावाने आज विद्यार्थ्यांचं वसतिगृह आहे. त्यांना वर्गाबाहेर बसवलेल्या जागेपासून ते किती पावलांवर आहे, हे कधी तिकडे गेलो तर मोजून येऊ!

ड्रेकच्या मैदानाला २००६ साली जॉनी ब्राइट यांचं नाव दिलं. एडमंटन शहरात २०१० साली एक नवी शाळा सुरू झाली, लहान मुलांपासून नववीपर्यंतची. तिचं नाव आहे जॉनी ब्राइट शाळा.

आमचं आजचं बोलणं इथे थांबवतो. पुढची मोठी बैठक येत्या सोमवारी आहे. त्या गावच्या गटाचा अर्ज पुन्हा विषयपत्रिकेवर घ्यावा म्हणून आम्ही पत्र लिहिलं आहे, खाली आमच्या सगळ्या गटांच्या सह्या आणि अंगठे आहेत. नमस्कार.